खळ्यावरची पंगत

डोंबिवली,
ता. ७ मार्च १९५४

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘जिवंत आहेस की नाहीस’ एवढंच विचारायला आख्खं कार्ड घातलंस, म्हणजे तू चांगलीच रागावली असणार. जिवंत आहे गं. नवं बिऱ्हाड लावता लावता माझा पार पिट्ट्या पडलाय. खोल्या दोनच आहेत, पण हवेशीर. चाळीत सगळी आपल्यातलीच माणसं, कुणी सेक्रेटरिएटात, कुणी रेल्वेत, कुणी शाळामास्तर. शेजार बरा मिळाला म्हणून हे खूश आहेत.

चाळीचे मालक गोपीनाथ म्हणून आहेत, इथले जुने आगरी. चाळीच्या मागे त्यांचं घर, घरापुढे विहीर आणि मोठं खळं. आम्ही सगळे त्यांच्याच विहिरीचं पाणी भरतो. त्यांची आई आवडाबाई. हिच्याबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून तुला लिहिते. पहिल्या दिवशी मी कळशी घेऊन गेले, तर बाई विचारते, “कंची गो तू?” मी आपलं सौभाग्यवती अमुक तमुक असं सगळं सांगितलं. तर म्हणे, ते राहू दे, नाव काय तुझं? झालं. तेव्हापासून मी ‘मंदी’. भर दुपारी चाळभर ऐकू जाईल अशी हाक मारते, “मंदे, गो मंदे, दादला आयला का तुजा?” ह्यांनासुद्धा समोरासमोर अरे-तुरे. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेजारच्या बायका पदराआड हसतात.

तशी वाईट नाही हं. मागे मी तापानं पडले होते, तेव्हा कुणी न सांगता तिनं दोन दिवस पाण्याच्या कळश्या भरून दारात आणून ठेवल्या. तिनं भरलेलं पाणी प्यायचं कसं, म्हणून मी ते धुण्याभांड्याला वापरलं. विहीर तिचीच, हे मला कळतं. पण तू समजून घेशील. तिला काय पत्ता लागणार आहे?

शीला मात्र हाताबाहेर चालली आहे. दिवसभर मुक्काम आवडाबाईकडे. कोंबड्यांमागे धावते, तिच्या मांडीवर झोपते आणि घरी येऊन “आई, मना पानी दे” म्हणते. परवा ह्यांचे साहेब सपत्नीक आले असताना त्यांच्यासमोर म्हणाली, “आजीची कोंबरी हरवली.” साहेबीणबाई खुदकन हसल्या. मी शीलाला आत नेऊन एक चापट दिली.

आता खरं काम. सरोजवन्सांचं लग्न वैशाखात ठरलं. मुलाकडचे पुण्याचे, नाकानं कांदे सोलणारे. इथे कार्यालय कुठलं? ह्यांनी गोपीनाथांना विचारलं आणि ते लगेच म्हणाले, खळं मोकळंच आहे, मांडव घाला. भाडं विचारलं तर रागावले. मग ह्यांनाही भरून आलं आणि बोलून बसले, की पहिल्या पंगतीला तुम्हीच सगळे बसायचं. आता मी काय करू? व्याही काय म्हणतील? आणि ती बाई विहिणीलाही “कंची गो तू” म्हणाली तर? काही तरी तोड काढ. आणि तिला ‘तुम्ही’ म्हणायला कसं शिकवू, तेही सांग.

तुझी,
मंदा


ठाणे,
ता. १५ मार्च १९५४

चि. मंदास आशीर्वाद आणि एक धपाटा,

धपाटा अशासाठी, की एवढ्याशा गोष्टीनं तू रडकुंडीला आलीस. पुरुषांना शब्द द्यायला काय जातं? निस्तरायचं आपण. प्रभाकररावांना काही बोलू नकोस, मी चार दिवस आधी येते आणि पंगतींचं माझ्यावर सोड.

चाळीत दारोदार जाऊन रीतसर अक्षत दे. मालकांकडे शीलाबरोबर नुसता निरोप धाड, ‘या हं सगळी’. तोंडी निरोपावर आली तर आली. आलीच तर व्याह्यांची, आपली, चाळीची, अशा सगळ्या पंगती उठल्यावर शेवटी गडी-हमाल बसतील, तेव्हा बसवू. पोटभर वाढू, हात आखडायचा नाही. मन आपलं मोठं असावं, पण ज्याची जागा त्याला. तुझ्या त्या आगरणीला यात वाईट वाटायचं काही कारण नाही. त्यांना सवय असते.

शीलाला तिथे पाठवणं बंद कर. बोलणं एकदा बिघडलं की बिघडलं. मी लग्न होऊन गुहागरकडून ठाण्यात आले, तेव्हा माझ्याही तोंडी आपल्याकडचं ‘गो’ नि ‘हो’ होतं. सासूबाईंनी महिन्याभरात पार काढून टाकलं. तेव्हा रडले, आज त्यांचे उपकार मानते. आता मी पुण्यात जरी बोलले तरी कुणी वळून बघत नाही. त्या बाईलाही स्पष्ट सांग, आमच्यात अगं-तुगं चालत नाही. भीड धरलीस तर ती डोक्यावर बसेल.

चिवड्याची ती मोठी परात मी आणते. तू दुसरी मागवू नकोस.

तुझी,
उत्तराताई


डोंबिवली,
ता. २८ मे १९५४

प्रिय ताई,

तू होतीस म्हणून कार्य पार पडलं. सरोजवन्सं सासरी रमल्यात, त्यांचं पत्र आलं. विहीणबाईंनी तुझ्या व्यवस्थेचं फार कौतुक केलं, जिलबीचं नाही केलं, पण ते असो.

एक गोष्ट मनात घोळते आहे, ती विचारून टाकते. आवडाबाईकडची सगळी लग्नाला आली होती. तू पाहिलंस ना, कसली नटून आली होती? आवडाबाईच्या अंगावर हिरवं कोरं लुगडं, गळाभर सोनं. गोपीनाथांनी डोक्याला फेटा बांधला होता. त्यांच्या लेकीच्या, तुळसाच्या हातात आहेराचं ताट होतं. मी तूप वाढत होते, तेव्हा तू त्यांच्याशी काही बोलताना दिसलीस. नंतर बघते तो ती नव्हती. सरोजवन्सांसाठी आणलेलं लुगडं नि नारळ मांडवाच्या खांबाशी ठेवून गेली होती. जेवलं कुणीच नाही. ह्यांनी मला दोनदा विचारलं, गोपीनाथ कुठल्या पंगतीला बसले? मी म्हटलं, बसले असतील. तुला काही म्हणाली का ती? काही झालं का?

आणि गंमत ऐक. तिला सांगायला तोंड कसं उघडावं या विवंचनेत मी होते, तर ती आपली आपणच सुधारली. काल विहिरीवर म्हणाली, “मंदाबाई, तुमी आदी भरा, आमी मागशी भरू.” मी दचकलेच. चाळीतल्या बायका म्हणाल्या, बघा, संगतीनं माणूस कसं बदलतं. मीही हसले. पण घरी येऊन कळशी उतरवली, तेव्हा उगीचच उदास वाटलं. हवं होतं ते मिळालं, तर मग असं का वाटावं?

शीला आताशा तिकडे जात नाही. विचारलं तर म्हणते, आजी कामात असते.

तुझी,
मंदा


ठाणे,
ता. ५ जून १९५४

चि. मंदास आशीर्वाद,

मला बाई काही आठवत नाही. सतराशे साठ माणसं मांडवात, कोण कुणाशी काय बोललं याचा हिशेब कोण ठेवतो? ‘जरा थांबा’ म्हटलं असेल. त्यांची त्यांना घाई असेल, गेली असतील. उगीच कीस काढत बसू नकोस. तुला अंतर हवं होतं, ते पडलं. झालं तर मग.

परात परत पाठव, ती शेजारची आहे.

तुझी,
उत्तराताई


डोंबिवली,
ता. २० फेब्रुवारी १९५५

प्रिय ताई,

इतके महिने तुला चार ओळींच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही. आज मात्र दार लावून लिहायला बसले आहे. परवा तुळसाचं लग्न झालं.

आमंत्रणाला आवडाबाई स्वतः आली होती. हातात हळदीकुंकवाचं ताट, अक्षता. चाळीत एकही दार तिनं सोडलं नाही. माझ्या दारात उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत या म्हटलं तर म्हणाली, “नको बाई, हितंच बरी हाय.” मला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, “सगल्यांनी यावा.” आपण शीलाबरोबर धाडलेला निरोप मला तेव्हाच आठवला आणि मला मान वर करवेना.

लग्नाआधी त्यांच्याकडे गावच्या सगळ्या बायका जमत होत्या. कुणी तांदूळ सडत होत्या, कुणी वड्या-पापड करत होत्या, धवलारीण लग्नाची गाणी सांगत होती. मागच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. मला वाटलं होतं, कामाला हाक येईल. तुळसाला मी वेण्या घालायला शिकवलेल्या, तिचं परकर-पोलकं माझ्या हातचं. हाक आली नाही. भरलेल्या कळश्या रिकाम्या करून मी उगीच विहिरीवर खेपा घातल्या. मला पाहिलं की त्या बायका जागा करून देत, पदर सावरत आणि गप्प होत.

लग्न त्याच खळ्यावर. अर्ध्या खळ्याला कनात लावून आमची वेगळी जागा केलेली. शाळेतून खुर्च्या आणलेल्या. कल्याणहून खास ब्राह्मण आचारी आणला होता. चुलीही वेगळ्या नि भांडीही वेगळी. कुणाच्या हाताचा कशाला स्पर्श नाही, हे पटावं म्हणून तो आचारी आम्हाला बोलावून बोलावून सगळं दाखवत होता. आणि पंगत? त्यांच्या जातभाईंच्या आधी, सोयऱ्यांच्या आधी, पहिली पंगत आमची. केळीची पानं, भोवती रांगोळी. गोपीनाथ हात जोडून पानापानाशी वाकून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत होते. चाळीतल्या बायका म्हणाल्या, रीत कळते हो यांना. हे मात्र पानावर बसून खाली मान घालून होते.

शीला कनातीखालून पळून नवरीकडे गेली. कुणी एक बाई तिला हाताला धरून परत घेऊन आली आणि खुर्चीवर बसवून गेली, म्हणाली, तुमची पोरगी चुकून इकडे आली होती. ताई, ती मुलगी त्या घरात रांगली नाही एवढंच. चुकून आली म्हणे.

निघताना तुळसाला आहेर द्यायला मी कनातीपलीकडे गेले. आवडाबाईजवळ तिची मोठी बहीण ठमाबाई बसली होती, दिवा गावची. तिनं मला खालपासून वर न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत विचारलं,

“हीच का गो ती? जिच्या बहिनीनं तुला तुज्याच खल्यावर बैलांच्या दावनीशी बसाया सांगितला, हमालांच्या मागं?”

आवडाबाई म्हणाली, “गप गो. पावनी हाय ती आपली.”

मला ठमाबाईचं बोलणं लागलं नाही. ते खरंच होतं. लागलं ते आवडाबाईचं. मी पाहुणी झाले. ज्या घरात मी ‘मंदी’ होते, तिथे मला खुर्ची मिळाली.

आता तू खरं काय ते सांग. आणि तू सांगण्याआधी मीच सांगते. मी पाहिलं होतं ताई. तू गोठ्याकडे हात केलास, तेही पाहिलं. सगळ्यांच्या डोक्यांवरून आवडाबाईनं माझ्याकडे बघितलं. ती थांबली होती, मी येईन म्हणून. आणि मी तुपाचं भांडं घेऊन पाठ फिरवली, पुण्याच्या पंगतीला आग्रह करायला लागले. मागच्या वर्षी ‘काही झालं का’ असं मी तुला विचारलं, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. फक्त ‘काही नाही’ हे तुझ्या अक्षरात वाचायचं होतं, म्हणजे मला सुखानं झोप लागली असती. तू तेच लिहिलंस. झोप काही लागली नाही.

तुझी,
मंदा


ठाणे,
ता. १ मार्च १९५५

चि. मंदा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात मी तुलाच झापलं होतं.

मला सगळं आठवतं. तेव्हाही आठवत होतं. आवडाबाई मांडवात आली ती सरळ विहीणबाईंपुढे गेली आणि हसून म्हणाली, “पुन्याची का गो तू? बरां झाला, आमची पोर चांगल्या घरात परली.” सरोजला ती आमची पोर म्हणाली, मंदा. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि त्यांच्या जावेनं ‘गो’ची नक्कल केली. ते हसू मी ओळखलं. याच घरात, याच स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई आणि आत्याबाई मला तश्शा हसल्या होत्या. मी पाण्याला गेले की मागून ‘काय गो सूनबाई’ करायच्या. मी मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं रडायची. आणि मी तुला काय लिहिलं? की त्यांचे उपकार मानते.

त्या हसल्या आणि मला एवढंच सुचलं, की ही बाई आपली नाही हे यांना ताबडतोब दिसलं पाहिजे, नाहीतर हे आपल्यालाही हसतील. म्हणून मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “अहो बाई, तुम्हा लोकांचं नंतर. तिकडे गोठ्याशी बसून घ्या.” तिला कळलंच नाही आधी. मग कळलं. गोपीनाथ काही बोलणार होते, तिनं त्यांचा हात धरला. मला तिनं एकच विचारलं, “बाय, शीला जेवली का?” मी म्हटलं, जेवली. “मंग झाला,” म्हणाली आणि ताट खांबाशी ठेवून गेली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या भावजींनाही नाही.

आई आपल्याला अंगणातून हाक मारायची, आठवतं? ‘उत्तरे गो, मंदे गो, या जेवायला.’ आई गेल्यापासून तुला तशी हाक मारणारं कुणी नव्हतं. डोंबिवलीत एक भेटली होती, ती मी बंद पाडली. मला स्वतःची लाज वाटते, आणि आता हे वय लाज वाटून सुधारायचं आहे की नाही, तेही कळत नाही.

मी येते. एक चांगलं नऊवारी घेऊन ठेवलंय. तिच्या पाया पडेन. तू दिवस कळव.

तुझी,
उत्तरा


डोंबिवली,
ता. १३ मार्च १९५५

प्रिय ताई,

दिवस कळव म्हणालीस, पण तू निघण्याआधी हे वाचावंस म्हणून लिहिते. मी जाऊन आले.

काल दुपारी शीलाला घेऊन गेले, पूर्वीसारखी मागच्या दारानं. आवडाबाई सुपात तांदूळ निवडत होती. मला पाहिल्याबरोबर उठली, आतून खुर्ची आणली, पदरानं पुसली. मी जमिनीवर बसले तर तिनं बसू दिलं नाही. शीलालाही उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं. मग सुनेला चहा करायला सांगितला. माझ्यापुढे नवी कपबशी आली, फुलाफुलांची. ती म्हणाली, “ही तुमच्या लोकांची हाय. येगली ठेवतो, आमचा कोनी तोंड लावत नाय. बिनघोर प्या.”

मी तो चहा कसा प्यायले, मला माहीत. मी आजारी असताना तिनं भरलेल्या पाण्याचं काय केलं, तेही तिला ठाऊक असणार असं तेव्हा मला वाटलं. धुण्याची मोरी त्यांच्याच अंगणाकडे उघडते.

मग मी जे पाठ करून गेले होते, ते सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं, तुझ्यापेक्षा माझंच जास्त. पाठ फिरवली तेही सांगितलं. मला वाटत होतं ती रागावेल. चार शब्द ऐकवेल, निदान रडेल. ठमाबाईसारखी तोंडावर बोलली असती, तर मी तिचे पाय धरले असते. ती तांदळातला खडा काढत म्हणाली,

“चुकी कसली, बाई? तुमची रीत आमाला ठावी नवती. आता ठावी झाली.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता गं. टोमणा असता तर परत यायला वाट राहिली असती. मी म्हटलं, मला पूर्वीसारखं मंदी म्हणा. ती हसली. “म्हनीन की,” म्हणाली. आम्ही निघालो, तेव्हा खळ्याच्या कडेपर्यंत पोचवायला आली, मला आणि शीलाला कुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाली, “येत जावा, मंदाबाई.”

म्हणून सांगते, तू यायचं तर ये, पण लुगडं घेऊन येऊ नकोस. ती ते मानानं घेईल, तुला खुर्ची देईल, कपबशी देईल, आणि तुला हलकं वाटेल. तसं वाटायला नको आहे. आलीस तर माझ्याबरोबर विहिरीवर ये आणि बाकीच्या बायकांच्या मागे नंबर लाव. मी तेच ठरवलंय. रोज तिच्या मागे उभी राहीन. ती ‘तुमी आदी भरा’ म्हणेल, मी नाही भरणार. त्यातून काही होईल असं नाही.

खळं ओलांडलं आणि शीला माझा हात ओढून म्हणाली, “आई, आजीनं मना खुर्चीवर का बसवला? मी काय पावनी हाय?”

या वेळी मी तिचं बोलणं सुधारलं नाही.

तुझी,
मंदी